सचिवांचं पाच मिनिटांचं काम

रविकांतराव सगदेवांनी आयुष्यात एकच गोष्ट तडीला नेली होती आणि तिच्यावर ते वीस वर्षं भाव खात होते. बँकेत क्लार्क असताना त्यांनी ज्ञातीच्या वधूवर मंडळाची वेबसाइट केली. सीडीवरून घेतलेला पानं बनवायचा एक प्रोग्राम, त्यातलं गुलाबी पान, दोन्ही कोपऱ्यांत लुकलुकणाऱ्या समया, आणि वरच्या पट्टीत डावीकडून उजवीकडे पळणारा गणपती. अमरावतीत तेव्हा अशी साइट दुसऱ्या मंडळाची नव्हती. सत्कार झाला, शाल मिळाली, सचिवपद मिळालं. त्यानंतर जगात काय काय बदललं याची रविकांतरावांनी दखल घेतली नाही. संगणक तोच, प्रोग्राम तोच, गणपती अजून पळतोच आहे.

साइटवर चढण्याआधी प्रत्येक अर्ज सचिव लाल पेनानं 'सुधारत'. मुलगी सावळी असेल तर गहूवर्णी होई. चष्मा 'वाचनापुरता' होई. "पत्रिका जुळवतात ना? तसा अर्जही जुळवावा लागते," असं त्यांचं म्हणणं. सुधारलेला कागद लाल फाइलला लागे. आणि एकदा चढलेलं नाव लग्नाचे पेढे राजापेठेतल्या त्यांच्या घरी पोचल्याशिवाय उतरत नसे. पेढे न देताच ज्यांनी लग्नं उरकली त्यांची नावं साइटवर अजून उपवर होती. त्यातल्या एकीचा मुलगा आता दहावीला होता.

लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या चारुशीलाबाई हे सगळं पहिल्यापासून बघत होत्या. त्यांनी शाळेत गणित शिकवून निवृत्ती घेतली होती. पण घरात काही विचारलं की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं: "तुला काय समजते त्यातलं?" हे वाक्य त्यांनी गिझरपासून मुंजीच्या मुहूर्तापर्यंत सगळ्याबाबत ऐकलं होतं. सुरुवातीला राग येई. पुढे पुढे त्या नुसत्या बघत, वर्गातला ढ मुलगा फळ्यावर चुकत जाताना बघावं तशा.

बुधवारी सकाळी अकोल्याहून जुईलीचा फोन आला. जुईली त्यांच्या भावाची मुलगी. आईवडील दोघंही गेलेले, स्वतः पाटबंधारे खात्यात अभियंता, वय तेहतीस. बडनेऱ्याच्या पुष्करचं स्थळ जुळत आलं होतं, मुलगा तिला आवडला होता आणि रविवारी बोलणी आत्याच्याच घरी व्हायची होती.

"आत्या, काकांच्या साइटवर माझ्या नावापुढं काय लिहून ठेवलंय, पाहिलं का तू? 'नोकरी सोडण्यास तयार'! मी कधी म्हटलं असं?"

"कोण म्हणून राहिलं?"

"पुष्करची आई. त्यांनी स्थळच त्या साइटवर पाहिलं ना. म्हणे, लेखी आहे, मंडळाचा सचिव तुमचाच काका, आता शब्द फिरवता का?"

"आणि पुष्कर?"

"तो म्हणते, आईशी तूच बोल. रविवारपर्यंत ती ओळ बदलली नाही तर मी येतच नाही. बडनेरा-अकोला पासावर हजार लोक जाऊन राहिले रोज, मी बी जाईन. नोकरी मी नाही सोडत. लग्न सोडीन."

चारुशीलाबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं. रविकांतराव दाढी करत होते.

"तिनंच लिहिलं असंल अर्जात. पोरी लिहितात आणि विसरतात. असू दे, बदलून टाकतो. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम बुधवारी अकराला सुरू झालं. संगणकावरचा अभ्रा निघाला. ओळ बदलणं खरंच सोपं होतं, पण ते बदललेलं पान घरच्या संगणकावरून साइट ठेवणाऱ्या कंपनीकडे चढवायचं असतं. रविकांतरावांनी बटण दाबलं. समोर चौकट आली: सर्व्हरशी जोडणी होऊ शकली नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. चौकटीनं तेच सांगितलं.

बुधवारी दोष केबलवाल्याचा होता. गुरुवारी सकाळी राउटरचा. तो चार वेळा बंद करून चालू झाला. दुपारी त्यांनी व्हायरस रोखणारा प्रोग्राम काढून टाकला, मग फायरवॉल बंद केली, म्हणजे घराला दार होतं तेही उघडून ठेवलं. पासवर्ड एका बोटानं अकरा वेळा टाकला, मोठ्यानं अक्षरं म्हणत. समोरच्या टेलरलाही तो पाठ झाला असेल. शेवटी प्रोग्रामच्या पोटात कुठंतरी 'पॅसिव्ह मोड' नावाची टिक सापडली. ती लावून पाहिली. काढून पाहिली. लावून पाहिली.

"मुद्दा पॅसिव्हचाच आहे," ते जेवताना म्हणाले. पॅसिव्ह म्हणजे काय हे चारुशीलाबाईंनी विचारलं नाही. चौतीस वर्षं शेजारी राहून तेवढं समजलं होतं.

शुक्रवारी त्यांनी कंपनीला फोन लावला, आणि स्पीकरवर, म्हणजे घराला ऐकू जावं. पलीकडून रश्मी नावाची मुलगी बोलली. शांत, समजुतीचा आवाज.

"सर, फाइल चढवायची जुनी साधी पद्धत, एफटीपी, आम्ही मार्चपासून बंद केली. आता सुरक्षित जोडणीच चालते आणि तुमच्या सॉफ्टवेअरला ती करताच येत नाही. फार जुनं आहे ते. आम्ही तीन मेल पाठवले होते."

"मी वीस वर्षं हेच वापरून राहिलो, मॅडम."

"हो सर, म्हणूनच. तुम्ही ब्राउझरमधून आमच्या पॅनलमध्ये जाऊन फाइल थेट बदलू शकता. मी सांगते, दोन मिनिटं..."

"तुमच्या सीनियरला द्या."

"सर, मीच सीनियर आहे."

रविकांतरावांनी फोन ठेवला. "पोरी बसवून ठेवल्या आहेत. वाचून दाखवतात. मुद्दा पॅसिव्हचा आहे."

शनिवारी दुपारी ते पंख्याखाली घोरत असताना चारुशीलाबाईंनी त्याच नंबरला फोन लावला. रश्मीनं आवाजही वाढवला नाही, हसलीही नाही. "मॅडम, पॅनलचा पासवर्ड आहे ना तुमच्याकडे?"

पासवर्ड लाल फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर होता, कुलदैवताचं नाव आणि लग्नाचं साल. साल एकानं चुकलेलं. चारुशीलाबाईंनी त्याचीही नोंद घेतली आणि पुढे पाहू म्हणून कागद उलटले. जुईलीचा अर्ज लगेच सापडला. तिचं टपोरं अक्षर: 'नोकरी कायम ठेवणार.' त्यावर लाल रेघ. वर लाल शाईत 'सोडण्यास तयार', शेजारी सचिवांची लफ्फेदार सही आणि तारीख.

पंख्याखालचं घोरणं चालू होतं. ते उघडं तोंड त्या बराच वेळ बघत राहिल्या. पोरीच्या नोकरीवर रेघ मारली आणि विसरूनही गेला. वर पुरावा सही करून जपून ठेवला, कारण सचिव कागद फेकत नाही.

"मॅडम, आहात ना?" रश्मीनं विचारलं.

"आहे. बोल बेटा."

मोबाइलवरच काम झालं. पॅनल उघडलं, फाइल सापडली, ओळ बदलली: 'नोकरी कायम ठेवणार. मूळ अर्जानुसार दुरुस्ती – सचिव.' रश्मीनं सांगितलं तसं जतन केलं. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. गणपती पळतच होता. त्याला हात लावला नाही.

रविवारी बडनेऱ्याहून तिघं आली, पुष्कर आणि त्याचे आईवडील. जुईली सकाळच्या गाडीनं येऊन आत बसली होती. पुष्करच्या आईनं, वसुमतीबाईंनी, चिवड्याची बशी हातात घेतली ती न खाताच खाली ठेवली.

"लेखी शब्दाला काही किंमत असते की नाही, सगदेव? तुमच्याच साइटवर आहे. थांबा, वाचूनच दाखवते." त्यांनी चष्मा चढवला, मोबाइल लांब धरला. "जुईली... उंची पाच चार... नोकरी..." त्या थांबल्या. "नोकरी कायम ठेवणार. मूळ अर्जानुसार दुरुस्ती, सचिव. हे कधी झालं?"

रविकांतरावांचं तोंड उघडं राहिलं. सकाळी नऊलाही चौकटीनं त्यांना नाही म्हटलं होतं.

"चार दिवस त्याच्यावरच बसून होते," चारुशीलाबाई चहाचा ट्रे पुढे करत म्हणाल्या. "जेवायला उठले नाहीत की काही नाही."

एवढं पुरे होतं. रविकांतराव ताठ झाले. "त्याचं असं आहे, ताई, एक पॅसिव्ह मोड असते. कंपनीतल्या पोरींना बी माहीत नाही. टिक लावली तरी कधी कधी उशिरानं चढते..." त्यांनी पुष्करच्या वडिलांना राउटरही समजावला. पुष्कर मान डोलवत होता. तो बहुतेक कशालाही डोलवत असावा.

"ते असू द्या," वसुमतीबाई म्हणाल्या. "मूळ अर्जात खरंच हे होतं?"

चारुशीलाबाईंनी ट्रेखालून लाल फाइल काढली आणि नवऱ्याच्या मांडीवर उघडून ठेवली, नेमक्या पानावर. दुसऱ्या कोणाला दिसणार नाही अशी.

रविकांतरावांनी पाहिलं. लाल रेघ पाहिली, सही पाहिली. मग बायकोकडे पाहिलं. ती साखर विचारत होती. त्यांनी अर्जावर पंजा पसरला आणि फाइल मिटली.

"होतं. हेच होतं. मी स्वतः पाहिला अर्ज. टायपिंगची चूक झाली होती, ती मी दुरुस्त केली."

"सचिव म्हणून सांगता?"

"सचिव म्हणून सांगतो."

वसुमतीबाईंनी बशी पुन्हा उचलली. चिवडा खाल्ला, तिखट आहे म्हणाल्या. "मग पासाचं पहावं लागते. सकाळची गाडी किती वाजता असते?" जुईली बाहेर आली आणि उभ्या उभ्याच वेळ सांगितली.

पाहुणे गेल्यावर रविकांतराव कपडेही न बदलता आतल्या खोलीत गेले. टिक लावल्याचा आवाज आला, काढल्याचा आला.

"अगं ऐकलं का," ते दारात येऊन म्हणाले, "तू काही हात लावला होता का याला?"

"मी? मला काय समजते त्यातलं?"

त्या स्टुलावर चढून कॅलेंडरवर साखरपुड्याच्या तारखेला गोल करत होत्या. पेन लाल होतं. रविकांतरावांनी ते ओळखलं, पण मागितलं नाही.