टीपीचा अर्थ

मावशीसमोर नवा शब्द अर्थ सांगितल्याशिवाय वापरायची सोय नव्हती. बडोद्याच्या वासणा भागातल्या तिच्या घरी आम्ही भाचरं जमलो की कणीक मळता मळता ती थांबायची. "शांतीथी, निवांत सांग, म्हणजे काय?" टीपी म्हणजे टाइमपास, हे मीच तिला सांगितलं. पुढचा आठवडाभर दूधवाल्यापासून देवळातल्या गुरुजींपर्यंत सगळ्यांना ती "टीपी नका करू" म्हणून दटावत होती.

बडोद्यातल्या मराठी घरांची लग्नं जमवायची तिला हौस. स्थळांची एक जाड वही होती, प्रत्येकाचं एक पान. चष्मा असला तर नंबरासकट लिहायची. "वहीत खोटं लिहिलं तर एखादीचा जन्म जातो," म्हणायची. लिहिलेलं वाचून दाखवून पालकांची खाली सही घ्यायची.

ज्याने दोन वर्षं मला लग्नाची आशा दाखवली, तो सेवउसळीच्या गाडीवर मित्रांना सांगत होता, "ती? टीपी होता रे." मी मागेच उभी होते. मावशीकडे जाऊन खूप रडले. तिने या वेळी अर्थ विचारला नाही. "माणसाला पण म्हणतात?" एवढंच म्हणाली.

वर्षभराने त्याची आई स्थळ नोंदवायला आली. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. मी आत चहा करत होते.

"आधी कुठे जमलं होतं?" मावशीचा नेहमीचा प्रश्न.

"होती कोणीतरी, दोनेक वर्षं. टीपी हो," बाई हसल्या.

मावशीने लिहिलं, वाचून दाखवलं: ‘आधी एका मुलीशी दोन वर्षं. आईच्या मते टीपी.’ बाईंनी हसत सही केली. "आवजो हां बेन," म्हणत मावशी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली.

मग मुलींचे वडील पान वाचायचे, अर्थ विचारायचे. मावशी तो निवांत समजावून सांगायची. एकेक स्थळ परत गेलं आणि मला दर वेळी गोड वाटलं. खोटं कशाला बोलू?

गेल्या दिवाळीनंतर मावशी गेली. तिच्यासारखं माझ्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही. वही माझ्याकडे आली, आणि महिन्याभरात त्या बाईंचा फोन.

"ताई, तेवढी ओळ खोडा. पोराचं वय चाललंय."

"काकू, ती मुलगी मीच," मी म्हणाले. "त्याला स्वतः पाठवा. माझ्यासमोर बसून अर्थ सांगू दे. पटला तर खोडते."

तो अजून आलेला नाही. मला घाई नाही.