सात पत्रं आणि एक सही

३ ऑक्टोबर २०१२ रोजी विद्यापीठाच्या हिशेब विभागात माझ्या टेबलावर एकशे सहा डॉलर वीस सेंटचं बिल आलं. आठ माणसांचं सूप आणि पाव. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘एकमेकांना शिकवणं’. हा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा ते कळेना, म्हणून मी बिल पाठवणाऱ्या मार्लिस वोरोबेट्झला बोलावून घेतलं.

ती मातीतल्या जिवाणूंवर काम करायची. नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. वडील कॅनोरा गावाजवळ गहू पिकवत. दर बुधवारी ती निरनिराळ्या विषयांतले तरुण संशोधक जमवायची. तिथे गुरू कुणीच नव्हता. एकाचा अनुदानाचा अर्ज बाकीच्यांनी वाचायचा आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची, एवढाच नियम.

“तुम्हीही या, वॉल्टर,” ती म्हणाली. “तुम्हाला तर काहीच कळणार नाही. असा वाचक आम्हाला कुठे मिळणार?”

मी गेलो आणि जात राहिलो. त्या रेघांच्या जोरावर चौघांना कायमच्या जागा मिळाल्या. भौतिकशास्त्रातला डेस्मंड त्यांतलाच.

२०१८च्या जानेवारीत बुधवारच्या वाचनाला मार्लिसचा स्वतःचा अर्ज आला. तिचा करार तीस जूनला संपत होता आणि अनुदान मिळालं तरच वाढणार होता. शेतातल्या मातीतून विहिरीत उतरणारे जंतू, हा विषय. आम्ही रेघा मारत गेलो, ती शब्द बदलत गेली. अर्ज इतका सोपा झाला की मी तो घरी बायकोला वाचून दाखवला.

एप्रिलमध्ये नकार आला. माती समितीच्या मते हा आरोग्याचा विषय होता आणि आरोग्य समितीच्या मते मातीचा. ज्या शब्दांवरून माती समितीने तिला आपलं मानलं असतं, ते आम्हीच काढायला लावले होते.

फेरविचारासाठी शिफारस हवी होती. बुधवारच्या आम्ही बाकीच्या सातही जणांनी पत्रं लिहिली. पण ज्येष्ठ प्राध्यापकाखेरीज कुणाचंही पत्र चालणार नव्हतं, आणि तशा दोघांनी ‘आमचा विषय नव्हे’ म्हणून हात वर केले.

“सात जण आहोत आणि सगळ्यांची मिळून एक सही होत नाही,” डेस्मंड म्हणाला.

“होईल की,” मार्लिस म्हणाली. “माझ्या निरोपाच्या कार्डावर.”

शेवटच्या बुधवारी तिने आईच्या हातचे पेरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, आणले आणि कॉफी विकत आणली. कॉफीची पावती माझ्याकडे तीन जुलैला पोचली. तोवर तिचा कर्मचारी क्रमांक बंद झाला होता. मी तीनदा भरून पाहिला. पैसे माझ्या खिशातून देऊ केले, ते तिने घेतले नाहीत.

मार्लिसचे अठरा डॉलर पंचाहत्तर सेंट विद्यापीठाकडून अजून यायचे आहेत.