दहा व्रतं आणि एक केक

“खाल्लं तं खाल्लं!” असं म्हणून ताई पदराच्या टोकानं ओठ पुसायच्या. ओठांना काही लागलेलं नसायचंच. आमच्या संस्थेच्या भोजनगृहात ओठांना लागेल असं काही शिजतच नसे, आणि ते शिजवणाऱ्या खुद्द ताईच होत्या.

नालवाडीच्या बाजूला आमची ग्रामोद्योगाची संस्था होती आणि मी तिथे टायपिस्ट. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वर्ध्याहून सायकलने जायचो, दुपारी तिथेच जेवायचो. ज्वारीची भाकर, उकडलेला भोपळा, आणि वरून मीठ मागितलं तर ताईंची नजर. वऱ्हाडी माणसाला तिखटाशिवाय जेवू घालणं ही हिंसाच आहे, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, “जिभेचे लाड नाई करायचे जी. पोटाले विचारा, ते काई म्हणते का?” अशी करडी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासमोर पानात घास टाकायची हिंमत होत नाही.

संध्याकाळी प्रार्थनेत अकरा व्रतं म्हटली जात. सुरुवात अहिंसा, सत्य अशी. मध्यानंतर अस्वाद, म्हणजे चवीसाठी न खाणं, आणि त्याच्या पाठोपाठ निर्भयता. ताईंचा आवाज सभागृहात सगळ्यांच्या वर असे. ‘अस्वाद’ला तर तो जरा जास्तच चढे.

या ताईंना संस्थेच्या परदेशातल्या काही स्नेह्यांनी तिकडच्या खेड्यांतली स्वयंपाकघरं पाहायला बोलावलं. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी, दोन महिने. पन्नाशीच्या ताई खादीच्या लुगड्यावर कुणाचा तरी लोकरी कोट चढवून निघाल्या. स्टेशनवर संस्थेच्या चिटणिसांनी सुताचा हार घातला आणि परत आल्यावर अहवाल द्यायला सांगितलं.

अहवाल त्यांनी दिला. चौथी शिकलेल्या बाईच्या ठसठशीत अक्षरात चोवीस पानं. मी टाइप करायला घेतला. आठ पानं चुली, धूर, सरपण आणि धान्याची साठवण. नवव्या पानावर मथळा होता, ‘मी तेथे खाल्लेले गोड पदार्थ’. पुढची सात पानं तेच.

ऑस्ट्रियात एका शेतकरणीनं सफरचंदाची गुंडाळी करायला घेतली होती. त्यासाठी पीठ ओढून ओढून असं पातळ करायचं, की खालच्या कापडावरची फुलं दिसावीत. ताईंनी ते पीठ आपल्या दोन्ही मनगटांवर घेतलं. आपल्याकडे उपड्या माठावर टाकायची लांब रोटी वाढवतात तसं वाढवत नेलं आणि एकही भोक न पडू देता टेबलाच्या चारी कडांना पोचवलं. शेतकरीण टाळ्या वाजवत राहिली. स्वित्झर्लंडच्या चॉकलेटाविषयी लिहिलं होतं, ‘चावू नये. जिभेवर ठेवून गप्प बसावे.’ चुलीपाशी उभं राहून दिवसभर सगळ्यांना बोलणाऱ्या बाईनं हे लिहावं, याचं मला हसू आलं. पण जर्मनीतल्या काळ्या केकावर आलो आणि हसू थांबलं. ‘यात फेटलेली साय व चेरी होत्या. अंडी होती. चेरी दारूत भिजवलेल्या होत्या. हे मला पहिल्या तुकड्यानंतर कळले. दुसरा तुकडा मी कळल्यावर खाल्ला.’

आमचा जिल्हा दारूबंदीचा. मी उठून खिडकी लावून घेतली आणि समोर बसलेल्या ताईंना विचारलं,

“ताई, हे राहू द्यायचं?”

“काऊन? खोटं हाय का?”

“खोटं नाही, पण...”

“मंग ठोका.”

मी ठोकलं. चिटणिसांनी त्या सातही पानांवर लाल पेन्सिलीनं फुल्या मारल्या आणि आम्हा दोघांना बोलावलं. चिटणीस गोड बोलणारे होते. म्हणाले, “ताई, ही पानं काढून टाका. अस्वादाचं स्वयंपाकघर जिच्या हाती, तिनंच असं लिहिलं तर लोक काय म्हणतील? नाहीतर मला स्वयंपाकघर दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल.”

बावीस वर्षं ते स्वयंपाकघर म्हणजे ताईंचं घर होतं. राहायला खोली होती, पण तिथे त्या फक्त पाठ टेकायला जात. मला वाटलं, आता वाकतील. मी मनातल्या मनात पानांचे नवे आकडेही लावून टाकले होते.

ताई उभ्याच होत्या. “भाऊ, नवरा गेला तवा मी सतरा वर्साची. सासरी पंगतीत गोडाची परात माह्यासमोरून पुढं जाये. मंग इथं आली. इथं कोणीच गोड खात नाई. मले लय बरं वाटलं, चला, आता सारे माह्यासारखेच. तवापासून सोडलं, सोडलं म्हणून राह्यली. जे ताटात पडलंच नाई, ते सोडलं कसं म्हणावं जी?”

“बरं, आता खाल्लंत ना? मग विसरून जा.”

“खाल्लं तं खाल्लं. अस्वाद मोडलं. आता ही पानं काढली तं सत्य बी मोडते. अन तुमाले भिऊन काढली तं निर्भयता बी गेली. एका केकापायी तीन व्रतं मोडू काय?”

दुसऱ्या दिवशी ताईंना गोठ्याचं काम मिळालं. अहवाल सतरा पानांचा होऊन फायलीत गेला. मला पानं नव्यानं टाइप करायला सांगितली होती. केली, पण आकडे तेच ठेवले, आठनंतर एकदम सोळा. माझं शौर्य तेवढंच, आणि तेही आजतागायत कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी प्रार्थनेत ‘अस्वाद’ आला आणि ताईंनी ओठ मिटले. सगळ्यांत मोठा आवाज एका शब्दापुरता गेला, पुढच्या शब्दाला परत आला. मग रोज तसंच. चिटणिसांनी टोकलं तेव्हा म्हणाल्या, “जे पाळत नाई, ते म्हणत नाई. बाकीचे दहा घ्या माह्याकून.”

पुढे एका दिवाळीला त्या आमच्या घरी आल्या. सफरचंद कुठलं परवडायला, पेरू चिरून साखरेत घोळले. आमच्या चौरंगावर पीठ ओढलं, दुसरं टोक माझ्या बायकोनं धरलं. गुंडाळी तव्यावर भाजताना फुटली, तरी वास घरभर झाला. पहिला तुकडा त्यांनी माझ्या आईपुढे धरला. वडील जाऊन आईला दहा वर्षं झाली होती. “मले नको बाई, आधी पोरायले द्या,” आई म्हणाली.

“तोंड उघडा जी. आधी खा, मंग सोडायचं असंन तं सोडजा.”

आईनं खाल्लं. मला फार लाज वाटली. दहा वर्षांत गोडाचा पहिला घास आईला द्यावा, हे घरात माझ्यासकट कुणाला सुचलं नव्हतं.

ऐंशी सालानंतर कधीतरी ताई गेल्या. गोठ्यातल्या कामाला शेवटपर्यंत खाडा नव्हता. त्या संध्याकाळची प्रार्थना हीच शोकसभा. चिटणीस समोर बसले होते, आता पार थकलेले. व्रतं सुरू झाली. ‘अस्वाद’ आला आणि मी ओठ मिटले. मनात म्हटलं, आज ताईंच्या वाटणीचं मी गप्प राहतो. पण सभागृहात मला एकट्या चिटणिसांचाच आवाज ऐकू आला. मान वळवून पाहिलं, तर स्वयंपाकघरातल्या बाया, गोठ्यावरचे गडी, सूतकताईच्या मुली, सगळ्यांचे ओठ मिटलेले.

मग निर्भयता आली. ती आम्ही सगळ्यांनी ताईंच्या पट्टीत म्हटली.