घरीच असणारा माणूस

आमच्या पनवेलच्या सोसायटीत घरी बसून नोकरी करणारा हा एकटाच. त्यामुळे तो बेकार आहे, यावर सर्वांचं एकमत. कोणी वारलं की पहिली हाक त्यालाच. "तुम्ही काय, घरीच असता!" आम्हा कामाच्या माणसांना ऑफिसातून निघता येत नाही. तो कानात हेडफोन घालून तिरडी बांधतो, मध्येच "येस, ऑडिबल" म्हणतो. खांदा देताना मात्र फोन बंद करतो.

परवा तळमजल्यावरच्या आजोबांना पोचवून आला, तेव्हा मी नुकताच ऑफिसातून परतलो होतो. लिफ्टपाशी मी काळजीने विचारलं, "उद्या तुमचं काही झालं तर खांद्याला कोण हो?"

"मी रविवारी जाईन म्हणतो," तो शांतपणे म्हणाला. "तेव्हा तुम्हीही घरीच असता."