लांबूनराव आणि तापलेलं चाक

कुजबुज अशी होती, की लांबूनरावाने सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला तापलेल्या चाकापाशी सोडलं आणि स्वतः शेपूट घालून पळाला.

विमानतळाच्या कँटीनमध्ये ही गोष्ट चहाबरोबर निघायची. सांगणारा "मला काय करायचंय म्हणा" अशी सुरुवात करायचा आणि मग चहा गार होईपर्यंत तेच करायचा. कुणी तर म्हणे, पळताना त्याचा एक बूट मागे राहिला. नाडी करकचून बांधलेला बूट पायातून कसा निघाला, हे कुणी विचारलं नाही. रंगात आलेल्या गोष्टीत खोडा कोण घालणार!

लांबूनराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. विमान जागेवर येऊन थांबलं की ते घरंगळू नये म्हणून चाकांना ठोकळे लावणारी टोळी असते, तिचा हा मुकादम. मेहुणा गेल्यापासून प्रत्येक विमानाला एकच ओरड, "लांबून! लांबून जा रे!" नाव पडायला आणखी काय लागतं? पोरं छळायची, "लांबूनराव, लग्न का राहिलं हो? मुलगी पण लांबूनच बघितली वाटतं?" तो हसायचा आणि पुन्हा ओरडायचा.

ओरडायला कारण होतं. उतरताना वैमानिकाला ब्रेक जोरात दाबावे लागले, तर मागची मोठी चाकं भट्टीसारखी तापतात. त्यातून विमान उभं राहिल्यावर काही वेळ ती आणखीच तापत जातात. धूर नाही, लाली नाही. दिसायला अगदी गरीब गाय. अशात चाक फुटलं तर तुकडे उडतात ते आडवे, दोन्ही अंगांना. एरवी ठोकळे या मागच्या चाकांनाच लावायचे. पण चाकं तापली असली की त्यांच्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. समोरून जायचं आणि नाकाखालच्या पुढच्या चाकाला ठोकळे लावायचे. त्याला ब्रेकच नसतात, तर तापणार काय? ते लागले की वैमानिक ब्रेक सैल सोडतो, आणि मोठ्या पंख्याचा वारा घालून चाकं निवू द्यायची. टोळीतल्या प्रत्येकाला हे पाठ होतं. मेहुण्यालाही.

मेहुणा बोलका गडी. त्याला टोळीत आणलं लांबूनरावानेच. "दादा, बहीण दिलीत, नोकरी दिलीत," तो चारचौघांत म्हणायचा, "आता कामही तुम्हीच केलंत तर मी घरी जाऊन झोपेन म्हणतो." लांबूनराव त्याला 'पाहुणे' म्हणायचा. "पाहुणे, ठोकळा उचला, तो तुम्हाला उचलणार नाही." दोघांची ही जुगलबंदी ऐकायला टोळी कान टवकारून असायची.

आणि एका दुपारी मागचं चाक फुटलं. मेहुणा त्याच्या बाजूलाच वाकलेला होता. मुकादम तिथे नव्हता, एवढं सगळ्यांनी पाहिलं. कुजबुजीला तेवढं पुरलं. चौकशी बसली, उठली. दोष कुणाचाच निघाला नाही.

बहीण धाकटी, जिभेची तिखट. नवरा गेल्यावर ती दादाच्याच दोन खोल्यांत राहायला आली. एकदा किराणा दुकानात शेजारीण हलक्या आवाजात म्हणाली, "पळाला म्हणे तुझा भाऊ." हिने दुकानभर ऐकू जाईल असं सुनावलं, "पळणारा असता तर तुमच्या मुलीचं स्थळ सांगून आलं तेव्हाच पळाला असता! चांगला दोन तास बसून तुमचे कांदेपोहे कसले, लाकडाचा भुसा गिळून आला!" शेजारणीने पिशवी तिथेच टाकली. अशी ती वर्षानुवर्षं भांडली. दादा ऐकायचा आणि मान खाली घालायचा. जगात त्याच्या बाजूचं एवढं एकच माणूस होतं, आणि तेच गमवायची त्याला भीती होती.

निवृत्तीच्या आदल्या संध्याकाळी ती त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती.

"उद्या मी येणार तुझ्या निरोपाला," ती म्हणाली. "कँटीनमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार, माझा दादा पळाला नाही."

"नको येऊस."

"का? लाज वाटते माझी?"

"तसं नाही गं."

"मग कसं? आता काय कामावरून काढणार आहेत तुला?"

तो खुर्चीवर बसला. उठला. पुन्हा बसला. "तू माझ्यासाठी भांडतेस ना," तो म्हणाला, "ते माझ्याच्याने ऐकवत नाही. जाताना मी त्याला काय म्हणालो, ते तुला कधी सांगितलंच नाही."

"काय म्हणालास?"

त्याने सांगितलं. शब्द दोनच होते.

तिने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. "चौकशीवाल्यांना ठाऊक होतं?"

"हो. ते म्हणाले, त्याला नियम माहीत होता, तुमचा दोष नाही."

"आणि मला नाही सांगितलंस."

"तू पण तेच म्हणाली असतीस तर सहन झालं नसतं. आणि नसतीस म्हणाली, तरी."

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. शर्टाची एक बाही राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तो तोच शर्ट घालून गेला. पोरांना आयतंच मिळालं. "लांबूनराव, इस्त्रीसुद्धा लांबूनच का?" सगळे हसले, तोही हसला. बहिणीसाठी पुढे मांडलेली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. मग भाषणं झाली. त्याला बोला म्हणाले, तर त्याने नुसते हात जोडले.

तो पळाला नव्हता. त्या दुपारी तो पंखा आणायला गेला होता. जाताना मेहुण्याला घाईत म्हणाला, "ठोकळे लाव." 'पुढच्या चाकाला' हे म्हणायचं राहिलं. मेहुण्याने ते रोजच्यासारखे मागच्या चाकांना लावायला घेतले.