जिन्यातलं ‘जय ख्रिस्त’

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — पाळकांना नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, आणि तुम्ही मनात काय म्हणत असाल याचाही संशय येतोच आहे. स्वभावाला औषध नाही.

पनवेलच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाप्तिस्मा मागणाऱ्याला आधी पारखतात — विश्वास मनापासूनचा, की कशाच्या आशेने? हे काम माझ्याकडे, कारण माझी नजर तिखट. कोण गाताना दाराकडे बघतो, कोण फक्त नाताळच्या जेवणाला उगवतो, सगळं मला दिसतं. स्वतःकडे कधी बघितलं होतं मी?

सुगंधा पळस्प्याजवळच्या आदिवासी वाडीवरची. खारघरला माझ्याच बिल्डिंगचे जिने झाडते, आमच्याच मंडळीत येते आणि बाप्तिस्मा मागते. आपण येशूला मानतो हे तिने वाडीत उघड सांगितलं. भावकीने बोलणं टाकलं तरी डगमगली नाही. आणि मी? माझ्या आडनावावरून काही कळत नाही, म्हणून मी ख्रिस्ती आहे याचा शेजाऱ्यांना पत्ताच नाही. दर रविवारी बायबल भाजीच्या पिशवीत घालून निघतो. कुणी काही म्हणालं होतं का? नाही. म्हणतील, एवढाच संशय.

एका सकाळी जिन्यात, सोसायटीच्या चेअरमनसमोर, ती हसून म्हणाली, “जय ख्रिस्त, दादा.”

मी म्हणालो, “कोण गं तू?”

आता ही मंडळीत जाऊन सांगणार — झालं, डोक्यात तेच. म्हणून मग — कसं सांगू? — तिच्या बाप्तिस्म्याचा विषय निघाला तेव्हा मीच म्हणालो, “थांबू या. मला तिचा विश्वास मनापासूनचा वाटत नाही.” माझ्या पारखीवर सगळ्यांचा भरवसा. तिला थांबवलं. ती अजून थांबलेली आहे.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. जिन्यात दिसलो की मान खाली घालून भिंतीकडे सरकते, ओळख दाखवत नाही. मी त्यातही डाव शोधला. माझी लाज ती झाकते आहे, हे कळायला मला फार दिवस लागले. कळल्यावरही गप्प बसलो.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर ती माझ्यापुढे आली. “दादा, माज्यात काय खोट हाय, ती देवानं मना दाकवावी. तुमी प्रार्थना करा.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत, खणखणीत आवाजात, तशी प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले. सगळ्यात मोठ्याने ती.