ती बसेल अशी गाडी

कुवेतमध्ये माणूस जुन्या अमेरिकन गाडीला नवा सायलेन्सर बसवतो तो आवाज वाढावा म्हणून. मला आवाज संपवायचा होता. शुवैखच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत एका पेशावरी दुकानदाराला मी हे सांगितलं, तेव्हा त्याने आत बसलेल्या भावाला हाक मारली, "आ जा, देख, ये भाईजान शेर को म्याऊँ सिखाने आये हैं."

मला चेष्टा सहन होत नाही. पण भाव करताना राग दुकानाबाहेर ठेवावा लागतो, एवढं या देशाने मला शिकवलं आहे. मी दुकानातले सायलेन्सर एकेक उचलून बघितले आणि श्रीमंतांच्या लांबलचक गाड्यांना असतात तसले दोन सगळ्यात जड बाजूला काढले. मग दारापर्यंत जाणं झालं, परत बोलावणं झालं, त्याने मुलाबाळांची शपथ घेतली, मी त्याच्या शपथेवर हसलो. शेवटी माझ्या भावात सौदा झाला. बाहेर पडताना तो म्हणाला, "एक बात बताओ, चुप गाडी का क्या करोगे?"

"बीवी को बिठाऊँगा," मी म्हणालो.

तो हसला नाही. "तब ठीक है," म्हणाला आणि सायलेन्सर स्वतः गाडीपर्यंत आणून दिले.

बायको त्या हिवाळ्याच्या अखेरीस कायमची नाशिकला परत जाणार होती. तिची आई अंथरुणाला खिळली होती आणि बघणारं दुसरं कोणी नव्हतं. तिने दवाखान्यातली हिशेबनीसाची नोकरी सोडली होती, राजीनामा मंजूर झाला होता, महबूल्यातल्या आमच्या घराच्या भिंतीपाशी खोके रचून ठेवले होते. मी इथेच राहणार होतो. माझं काम इथे आहे आणि ते मी कोणाच्या मेहेरबानीवर उभं केलेलं नाही. ती जाण्याआधी एकदा माझ्या गाडीत बसावी, एवढीच माझी इच्छा होती. फहाहीलपासून समुद्राकाठच्या रस्त्याने एक चक्कर. त्या गाडीत ती अनेक वर्षं बसली नव्हती.

गाडी आठ सिलिंडरची, दोन दारांची, लांब नाकाची. एका म्हाताऱ्या कुवेतीच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. ती मी घेतली त्याच्या आधी माझं दुकान गेलं होतं. हे दुकानाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मीना अब्दुल्ला नावाच्या गावातल्या रिफायनरीत मी पाइप फिटर म्हणून आलो. कष्टाने फोरमन झालो. मग मी आणि माझ्याच तालुक्यातला एक मित्र, आम्ही दोघांनी मिळून पाइपांचे आधार बनवायचं छोटं वर्कशॉप टाकलं. परवाना कुवेती कफीलच्या, म्हणजे इथल्या जामीनदाराच्या नावावर, कारण कायदाच तसा. काम मी बघायचो. मित्राचं अरबी चांगलं, म्हणून कफीलकडे जाणं-येणं त्याचं. माझे वडील गेले आणि मी गावी गेलो. दिवस करून, डोक्यावर अजून केस आलेले नसताना परत आलो, तर शटरला दुसरं कुलूप. कफीलने नवा करार केला होता आणि त्यात माझं नाव नव्हतं. मित्र म्हणाला, "अरे, त्यानेच तसं केलं, माझं काही चाललं नाही." मी ते तेव्हा मानलं नाही, आजही मानत नाही. ज्याचं नाव करारात राहिलं त्याचं चाललं होतं, एवढं मला कळतं.

त्यानंतर मी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. कामं मिळायला लागल्यावर पहिली मोठी वस्तू घेतली ती ही गाडी. ती गरजली की फहाहीलच्या बाजारात माणसं मागे वळून बघायची. त्यांच्यात कधीतरी तोही असेल, असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी आम्ही हळदीकुंकवाहून परत येत होतो. बायको शेजारी, मांडीवर वाणाची पिशवी. पोलिसाने थांबवलं. आवाजाबद्दल दंड होणार होता. गप्प राहून कागद घ्यायचा आणि निघायचं, हे इथल्या प्रत्येक परदेशी माणसाला ठाऊक असतं. मी मात्र त्याच्याशी भाव करायला लागलो. सवयच ती. एवढा नको, थोडा कमी कर, आवाज तर दोन गल्ल्यांपलीकडच्या पोराच्या गाडीचाही आहे. बोलता बोलता माझा आवाज चढला आणि मी त्याचा हात धरला. तिथे सगळं संपलं. मला मखफरला, म्हणजे पोलीस ठाण्यात नेलं. गाडी ओढून नेली. बायको पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी.

अशा प्रकरणात आमच्यासारख्याला सरळ विमानात बसवतात, असं सगळे म्हणत. ती घाबरली आणि गेली कोणाकडे, तर त्याच्याकडे. मित्राकडे. तो कफीलला घेऊन आला, अरबीत बोलला, सकाळपर्यंत तिथल्या बाकावर बसला, माझ्यासाठी हमीवर सही केली. मला सोडलं तेव्हा बाकावर तो दिसला. मी त्याच्या समोरून बाहेर आलो आणि टॅक्सीला हात केला.

त्या दिवसापासून ती म्हणायची, "त्या गाडीत मी बसणार नाही." मी समजलो, आवाजाची भीती बसली. म्हणून सायलेन्सर.

आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाड्या दुरुस्त करायला परवानगी नाही. पण हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, माझा जुना ओळखीचा. सिल्हेटकडचा माणूस. त्याच्याशी ठरलं की शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर काम, मोठा ठोकाठोकीचा आवाज नाही, आणि त्याच्या खोलीच्या खिडकीला मी जाळी बसवून द्यायची. गाडी मी माझ्याच हातच्या लोखंडी घोड्यांवर चढवली. खाली चटई टाकून उताणा झालो. जुना पाइप गंजून पापुद्र्यासारखा निघत होता. तो कापून काढला, डोळ्यांत लाल भुकटी गेली. मग इंजिनपासून मागच्या बंपरपर्यंत नवे पाइप, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, मध्ये दोघांना जोडणारा आडवा तुकडा. मागच्या चाकांचा आस चुकवून पाइप वर नेऊन पुन्हा खाली आणावा लागतो. तो बाक मी आधी जाड तारेचा वाकवून बघितला, मग पाइप कापले.

काम इतकं सुबक झालं की मीच त्याकडे बघत राहिलो. एकही जोड गळणार नाही अशी खात्री होती. आयुष्यभर तेच केलं होतं. वेल्डिंग पूर्ण, आधार थेट चासीला वेल्ड केलेले, कुठेही हलायला जागा नाही.

आता गाडी सुरू करायची आणि मी खाली पडून गळती ऐकायची. आत बसायला कोणी हवं. मी वर हाक मारली. बायको दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

"अगं, जरा खाली येऊन चावी फिरव. चालवायची नाहीये, नुसतं बसायचं."

"हारिसला सांगा," ती म्हणाली आणि आत गेली.

हारिसने चपला बाहेर काढल्या, पाय पुसले आणि नवरदेवासारखा आत बसला. चावी फिरवली. इंजिन उठलं, आणि खालून एक थाड असा आवाज आला. मग दुसरा. सगळी गाडी कोणी घणाने ठोकतंय अशी हादरायला लागली. हारिस ओरडला, "सेठ, ये तो नाच रहा है!" मी बंद कर म्हणेपर्यंत मागचा आधार वेल्डपासून तुटून माझ्या खांद्याशेजारी पडला.

मी पाना फेकला. तो खांबाला लागून उडाला. हारिस चपला हातात घेऊन पळाला. मी एकटाच चटईवर बसून राहिलो. मला राग चूक झाल्याचा नव्हता, चूक कोणाची ते कळल्याचा होता. गाडीचं इंजिन रबरांवर बसलेलं असतं आणि जोर लावला की एका अंगाला डोलतं. त्याला जोडलेल्या पाइपाला त्याच्याबरोबर डोलायला मुभा हवी. रिफायनरीत तापलेली लाइन वाढते म्हणून आम्ही सरकते आधार देतो, वळणं ठेवतो. मी अशी वळणं किती टाकली असतील. आणि स्वतःच्या गाडीला मात्र एखाद्या गजासारखं जखडून टाकलं.

पुढच्या शुक्रवारी सगळे आधार कापले. रबराच्या कड्यांवर पाइप टांगले. इंजिनजवळ दोन्ही बाजूंना जाळीदार लवचीक तुकडे घातले. हारिसला पुन्हा बसवण्यासाठी खिडकीच्या जाळीखेरीज एक कपाटही कबूल करावं लागलं. या वेळी इंजिन सुरू झालं आणि मला आधी वाटलं, बंद पडलं. मी खालून विचारलं, "चालू है क्या?" तो वरून म्हणाला, "सुई हिल रहा है, सेठ."

मी हात धुऊन वर गेलो. बायको लोणच्याच्या बरण्या पुसत होती, कोणती कोणाला द्यायची याचा विचार करत.

"गॅलरीत ये. ऐक."

ती आली, खाली बघितलं. "काय ऐकू? काही ऐकू येत नाहीये."

"तेच तर. आता बसशील ना?"

"मी आवाजासाठी नाही म्हणतेय, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी कठड्याला टेकलो. तिने फडकं खांद्यावर टाकलं.

"त्याला त्या रात्री ताप होता. तसाच बाकावर बसून राहिला. मी शेजारी होते, मी पाहिलं. आणि तुम्ही त्याच्या समोरून गेलात, जसं काही तिथे कोणी नव्हतंच. मी त्याला काय तोंड दाखवायचं? त्या गाडीत बसून मिरवायचं?"

"त्याने माझं दुकान—"

"मी दुकानाचं बोलत नाहीये. मी त्या रात्रीचं बोलतेय."

"मग काय करू म्हणतेस?"

"जाऊन त्याचे आभार माना. मग बसते."

मला इतका राग आला की बरणी फुटली असती. पण तिचा चेहरा पाहिला. दारापर्यंत जाऊनही परत बोलावणार नाही, असा चेहरा मी ओळखतो. म्हणून मी भाव सुरू केला.

"फोन करतो."

"फोन नाही. समोर."

"तो वर बोलावेल. मी त्याच्या घरचा चहा पिणार नाही."

"खाली फाटकापाशी बोला."

"चहा नाही?"

"चहा नाही."

"आणि दुकानाचं मी सोडून दिलं, असं त्याला वाटता कामा नये."

"ते तुमचं तुम्ही बघा."

"ठीक. तू माझ्याबरोबर चल मग."

"येते. पण तिथपर्यंत बसने. तुमचं बोलून झालं की गाडीत बसेन."

"म्हणजे आधी पैसे, मग माल."

"तुमच्याचकडून शिकले," ती म्हणाली आणि बरणीचं झाकण लावलं.

तशीच ती गेली, बसने. मी एकटा मागून गाडी घेऊन निघालो. फहाहीलला त्याच्या इमारतीसमोर पोहोचलो तेव्हा ती रस्त्यापलीकडे बसथांब्यापाशी उभी होती, पर्स पोटाशी धरून. माझ्याकडे आली नाही. मी त्याला फोन लावला, इतक्या वर्षांनी, आणि खाली ये म्हणालो.

तो घरातल्या कपड्यांवरच आला. केस पांढरे झाले होते. फाटकाबाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "गावाकडे कोणी गेलं का रे?"

"नाही."

"मग?"

"तू मखफरला आला होतास."

"हो."

"ते तेव्हा बोलायचं राहिलं. बरं केलंस, आलास. आभार मानतो."

त्याने खाली बघितलं. मग विचारलं, "आणि दुसरं?"

"दुसरं जिथे आहे तिथेच आहे."

"ते असणारच," तो म्हणाला. मग त्याने रस्त्यापलीकडे माझ्या बायकोला हात केला. "चहा—"

"चहा नाही."

तो गाडीकडे वळला. "बंद केलीस?"

"चालू आहे."

त्याने बॉनेटवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. "चालू आहे की," म्हणाला आणि फाटक उघडून आत गेला. जिना चढताना त्याने कठड्याला धरलेलं मी पाहिलं.

बायको रस्ता ओलांडून आली. दार जड आहे, तिने दोन्ही हातांनी ओढलं आणि बसली. साडीचा पदर आत घेतला. मी गाडी समुद्राकडे काढली. काचा बंद होत्या. टायरांचा आवाज येत होता, तिच्या बांगड्यांचा येत होता.  आता बोलून टाकावं असं काही माझ्याकडे उरलं नव्हतं.

बरंच पुढे आल्यावर ती समोर बघत म्हणाली, "त्याने दुकान घेतलं ते चूकच होतं. वडिलांचे दिवस चालू असताना. मी हे कधी बोलले नाही, कारण मी बोलले असते तर तुम्ही अजून पेटला असता. पण ते चूक होतं."

मला हे कोणीतरी म्हणावं म्हणून मी किती लोकांपुढे ते दुकान मांडलं असेल. सगळे म्हणायचे, जाऊ दे, झालं गेलं. तिने कधीच काही म्हटलं नव्हतं, आणि तिचं ते न बोलणं मी त्याच्या बाजूचं धरलं होतं.  स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून मी रस्त्याकडे बघत राहिलो.

महबूल्याचा फाटा मागे पडला.

"वळण गेलं," ती म्हणाली.

"हो."

"असू दे. पुढून वळा."